फोनवरचा इंग्रजीचा तास: निर्वासित बायकांना घरी शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ऑफिसच्या बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललेलं जसंच्या तसं नाहीये. "म्हणजे", "अॅक्च्युअली" आणि मधली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, आणि बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी भरल्या आहेत.

मागच्या भागात मी सहज बोलून गेले की आठवड्यातून दोन संध्याकाळी मी वर्ध्याच्या आमच्या घरातून दिल्लीतल्या दोन अफगाण बायकांना व्हिडिओ कॉलवर इंग्रजी शिकवते. विषय वेगळाच होता, पण तुमचे व्हॉइस नोट आले ते सगळे यावरच. कोणी विचारलं, हे काम कसं मिळतं. कोणी विचारलं, माझंच इंग्रजी धड नाही, मला जमेल का. आणि आपल्याच वर्ध्याच्या एका श्रोत्याने विचारलं, "गांधीजींच्या सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर राहून तुम्ही इंग्रजी शिकवता, हे जरा उलटं नाही वाटत?"

हा शेवटचा प्रश्न मला आवडला, म्हणून आधी तोच घेते.

वर्धा आणि इंग्रजी

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. अध्यक्ष गांधीजी. त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जी योजना तयार झाली तिला देशभर "वर्धा योजना" म्हणूनच ओळखलं गेलं. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती गुंफलेलं. इंग्रजीला त्यात जागा नव्हती. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या दादांचा मुद्दा बरोबर आहे.

पण त्याच वर्ध्याची दुसरी बाजू बघा. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती सुरू झाली. दुसऱ्या भाषेच्या माणसांना हिंदी शिकवायची, हे तिचं काम. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत "परिचय झालं", "कोविद झालं" असं म्हणणारी माणसं भेटतात ना, त्या याच समितीच्या परीक्षा. आणि त्या शिकवल्या कोणी? गावोगावच्या प्रचारकांनी. दिवसा आपली नोकरी करायची आणि संध्याकाळी कुणाच्या ओसरीवर, देवळात, शाळेच्या रिकाम्या खोलीत वर्ग घ्यायचा. मोठ्या माणसाला परकी भाषा शिकवण्याचं काम या जिल्ह्याला नवीन नाही.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वर्धा योजना चालवायला सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी आर्यनायकम हे जोडपं त्याचा कणा. सेवाग्राम गावात मोठ्या माणसांच्या, विशेषतः बायांच्या शिक्षणाचं काम शांताबाई नारुलकरांनी केलं. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला झालेल्या परिषदेनंतर तर नई तालीम फक्त मुलांची राहिलीच नाही, जन्मापासून मरेपर्यंतचं शिक्षण अशी तिची कल्पना झाली. मग फाळणी झाली. आशादेवी आणि तालीमी संघाचे कार्यकर्ते सेवाग्रामहून निघाले आणि उत्तरेत, पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये, पुढे फरिदाबादच्या नव्या वसाहतीत शिक्षणाच्या कामाला लागले. म्हणजे वर्ध्याहून दिल्लीकडच्या निर्वासितांना शिकवायला जाणं, हे पंचाहत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. त्यांना रेल्वेने जावं लागलं, आपल्याला वाय-फाय पुरतं, एवढाच फरक.

आता इंग्रजीच का? माझं साधं उत्तर आहे. कोणती भाषा लागते ते शिकणारीने ठरवायचं. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, हिंदी शिकायची की इंग्रजी? दोघी हसल्या. हिंदी त्यांना बरीच येते. २००० नंतरच्या दशकात काबूलमध्ये "क्योंकि सास भी कभी बहू थी" दरीत डब होऊन लागायची आणि लोक कामं टाकून बघायचे. वर दिल्लीत राहून भाजीवाला, घरमालक, शेजारीण यांच्याशी बोलून हिंदी आपोआप येते. इंग्रजी आपोआप येत नाही. आणि त्यांचे सगळे कागद इंग्रजीत आहेत. मुलाखतीचं पत्र, दवाखान्याचा रिपोर्ट, मुलाच्या शाळेची नोटीस, कॅनडात गेलेल्या बहिणीने पाठवलेला फॉर्म.

हे निर्वासित आहेत तरी कोण?

थोडी माहिती देते, कारण यात गोंधळ फार आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार थेट बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे ठिकाणांहून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, करते आणि कार्ड देते. त्या कार्डावर आधार मिळत नाही. आधार नाही म्हणजे बँक, सिम, भाड्याचा करार, सगळीकडे अडतं. तुम्ही आम्ही ओटीपी टाकून जे काम दोन मिनिटांत करतो, त्यासाठी या बायकांना तीन खिडक्यांवर उभं राहून समजावून सांगावं लागतं. समजावून सांगायला भाषा लागते.

आणि हे सगळं दिल्लीतच आहे असंही नाही. आपल्या विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. महाराष्ट्रातली ही एकच. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं वसलेली आहेत. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ पोलंडचे जवळपास पाच हजार लोक राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. ते गेले, मग तिथे सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. उल्हासनगर तर माहीतच आहे, कल्याण कॅम्प म्हणतात अजून. ज्यांनी घर सोडलं त्या प्रत्येक पिढीतल्या बाईला नवीन भाषेत पहिल्यांदा बोलावं लागलंच असेल, बहुतेक दुकानात किंवा दवाखान्यात. इतिहासाच्या पुस्तकात छावणीचा आकडा येतो, हे येत नाही.

वर्ग का नाही, घरी का?

दिल्लीत यूएनएचसीआरच्या सहयोगी संस्था भाषेचे वर्ग चालवतात. चांगले चालतात. तरीही काही बायका तिथे पोचत नाहीत. लहान मूल आहे आणि घरी दुसरं कोणी नाही. बसचं भाडं परवडत नाही. घरात बसून शिलाई किंवा पोळ्या-नानचं काम चालतं आणि ते सोडून तीन तास जाता येत नाही. काहींना रस्त्यावर एकटीने जायची भीती बसली आहे, आणि ती भीती कुठून आली हे आपण विचारायचं नसतं. त्यावर पुढे येते.

इतर देशांत हा प्रश्न आधीच आला होता. ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांना इंग्रजी शिकवायची सरकारी योजना १९४८ पासून आहे. पुढे त्यात असं लक्षात आलं की वर्गात येतात ते नवरे आणि मुलं, घरी राहते ती आई. म्हणून स्वयंसेवक शिक्षक घरी पाठवायची पद्धत सुरू झाली. आठवड्यातून एकदा, एक शिक्षिका, एक विद्यार्थिनी, स्वयंपाकघराच्या टेबलावर. आज तिकडे राहणारे आपल्यापैकी कोणी ऐकत असतील तर त्यांनी जवळच्या केंद्रात चौकशी करावी, मेलबर्न-सिडनीत अशा शिकवणाऱ्यांची गरज असते. आपल्याकडे घरोघरी जायची यंत्रणा नाही, पण फोन आहे. फोन म्हणजेच घर.

आई न शिकण्याचा परिणाम काय होतो ते एका प्रसंगातून सांगते. तिला विचारून सांगते आहे, आणि तपशील बदलले आहेत. माझ्या दोघींपैकी मोठीला आपण खाला म्हणू, मी तिला खाला जानच म्हणते, चाळिशीची आहे. तिला पाळीच्या वेळी फार रक्तस्राव व्हायचा. मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टर इंग्रजी-हिंदी मिसळून भरभर बोलत होत्या. तिला समजेना. सोबत तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता, शाळेत जाणारा, दोन्ही भाषा फाडफाड बोलणारा. डॉक्टरांनी त्याला विचारायला सुरुवात केली. किती दिवस जातं, गाठी पडतात का. खाला म्हणाली, मी त्याला सांगितलं की आईच्या पोटात दुखतं एवढंच सांग. आणि पोटदुखीच्या गोळ्या घेऊन घरी आली.

यात दुष्ट कोणी नाही. डॉक्टरांच्या दारात शंभर पेशंट असणार. पण नऊ वर्षांच्या पोरावर आईच्या शरीराचं भाषांतर करायची वेळ येते, आणि आई लाजेपायी खोटं सांगते, आणि उपचार चुकतो. "इंग्रजी शिकून काय करणार" असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं. आमच्या आईनेच सुरुवातीला विचारलं होतं, "काहून वं, दिल्लीच्या बायांले इंग्रजी शिकवून तुले काय भेटते?" हे सांगितल्यावर ती गप्प झाली, आणि आता तासाच्या वेळी मिक्सर लावत नाही.

पहिले दहा तास

आता कामाचं. ज्यांना वाटतं "माझं ग्रामर कच्चं आहे", त्यांनी निवांत व्हा. पहिले दोन महिने ग्रामर लागतच नाही.

पहिली दोन वाक्यं मी शिकवते ती अशी: "प्लीज स्पीक स्लोली" आणि "प्लीज राइट इट डाउन". ए बी सी डी नाही, माय नेम इज नाही. ही दोन वाक्यं ज्या बाईला येतात ती समोरच्याला थांबवू शकते. लिहून घेतलेला कागद घरी आणून कोणालाही दाखवता येतो, फोनवर फोटो काढून पाठवता येतो. खालाने दुसऱ्या भेटीत डॉक्टरांना "स्पीक स्लोली" म्हटलं आणि मुलाला बाहेर बाकावर बसवलं. बाकी तिने हिंदीत सांगितलं. मला ते पुरलं.

मग नाव, पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख. जन्मतारखेपाशी गंमत होते. अफगाणिस्तानचं कॅलेंडर वेगळं, सौर हिजरी. वर्ष २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. आपल्या सालातून ६२१ किंवा ६२२ वजा केले की त्यांचं साल येतं. म्हणजे १३७० साली जन्मलेली बाई आपल्या हिशेबाने १९९१ किंवा ९२ ची. अनेकांना नेमकी तारीख माहीतच नसते, मग कागदावर १ जानेवारी लिहिलं जातं. एकाच घरातल्या चौघांचा वाढदिवस १ जानेवारीला, आणि खिडकीवरचा माणूस संशयाने बघतो. त्यामुळे "दिस इज द डेट ऑन माय कार्ड" हे वाक्य आम्ही खास पाठ केलं.

आकड्यांमध्ये थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांवर वेळ घाला. घरभाडं आणि औषधाचा डोस दोन्ही यावर अवलंबून असतात.

व्याकरणात एकच जागा लवकर येते, ती म्हणजे ही आणि शी. दरीत "तो" आणि "ती" साठी एकच शब्द आहे. बंगालीतही तसंच आहे. त्यामुळे माझी विद्यार्थिनी स्वतःच्या नवऱ्याला बिनधास्त "शी" म्हणते. आपल्या भाषेत तो, ती, ते असे तीन तीन असल्यामुळे आपल्याला हे कळायलाच वेळ लागतो की समोरच्या माणसाच्या डोक्यात ही फट मुळात नाहीये. शंभरदा दुरुस्त करू नका. घरातल्या लोकांचे फोटो समोर ठेवा, ती दाखवेल, तुम्ही म्हणा "शी इज माय डॉटर, ही इज माय सन". येतं हळूहळू. अ आणि द चा नाद तर सोडूनच द्या. मराठीत कुठे आहेत ते? तरी आपण चाललोच आहोत ना.

उच्चारांत स्कूलचं इस्कूल होतं. आपल्याकडची जुनी माणसं ठेसन आणि इस्कूल म्हणायचीच की. समजतंय तोवर सोडा.

उलट आपला एक फायदा आहे आणि तो इंग्लंडच्या शिक्षिकेकडे नाही. मराठीत फारसी शब्द इतके आहेत की दरी बोलणाऱ्या बाईशी पहिल्या दिवसापासून पूल बांधता येतो. दरवाजा, बाजार, दुकान, जमीन, शहर, हजार, कागद, रुमाल. कधी अर्थ थोडा सरकलेला असतो. त्यांचा हफ्ता म्हणजे आठवडा. आपला हप्ता म्हणजे ईएमआय. खुर्चीला त्या चौकी म्हणतात. पहिले तीन तास आम्ही दोघींची घरं दाखवत अशा शब्दांची शिकार केली. खालाला कळलं की या मुलीलाही आपले शब्द येतात, आणि तिची भीड मोडली. मला वाटतं भाषा शिकवताना निम्मं काम भीड मोडण्याचंच असतं.

वही, आवाज आणि विसरणं

एक तांत्रिक गोष्ट, ही मला तिच्या वहीचा फोटो बघून समजली. खाला आठवीपर्यंत शिकलेली आहे, दरी छान लिहिते. मी इंग्रजी शब्द सांगितला की ती शेजारी त्याचा उच्चार दरी लिपीत लिहून ठेवायची. चांगली सवय, पण त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. म्हणजे पेन, पिन आणि पन हे तिन्ही वहीत "पन" सारखेच दिसतात. आठवड्याने तिने वही उघडली की तिला तीनही शब्द एकच. आपलंही पेन आणि दुखणं यातलं पेन देवनागरीत एकच दिसतं, तसंच. उपाय सोपा निघाला. प्रत्येक नवीन शब्दाचा पाच सेकंदांचा व्हॉइस नोट आणि सोबत वस्तूचा फोटो. तिच्या फोनवरची आमची चॅट हाच तिचा शब्दकोश झाला आहे.

आणि जिला कुठलीच लिपी येत नाही तिचं काय? आमच्या गटातल्या एका ताईकडे अशी बाई आहे, पेन्सिल पहिल्यांदाच धरलेली. तिथे लिहिणं महिनाभर बाजूला. आधी कान, मग हात. "स्टँड अप, ओपन द डोअर, गिव्ह मी द ग्लास" म्हणत स्वतः करून दाखवायचं आणि तिने नुसतं करायचं, बोलायची सक्ती नाही. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. लहान मूल आधी ऐकून वागतं आणि मग बोलतं, त्याच क्रमाने. फोनवर करताना थोडं विनोदी होतं, कारण दोन्ही बाजूंना बायका उठाबशा काढत असतात.

वाचायला लागली की पुस्तक विकत घेऊ नका. तिलाच काहीतरी सांगायला लावा. "आज मी भात केला. भात करपला. नवरा हसला." तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलेलं तुम्ही मोठ्या अक्षरात टाइप करून पाठवा. तेच तिचं पुस्तक. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे अर्थ माहीत असतो, फक्त अक्षरांची ओळख पटवायची उरते. शिकणाऱ्याच्या रोजच्या कामातून धडा काढायचा ही युक्ती नई तालीमवाल्यांना नवीन वाटली नसती.

विसरण्याचं सांगते, कारण मी इंजिनिअर आहे आणि मला लॉग ठेवल्याशिवाय झोप येत नाही. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवीन शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि मग वेग मंदावतो. म्हणून उजळणी लवकर सुरू करायची आणि मग अंतर वाढवत न्यायचं. माझ्या शीटमध्ये प्रत्येक शब्दापुढे चार तारखा असतात: दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. त्या तारखेला मी एक व्हॉइस नोट टाकते, ती उत्तर देते. वीस सेकंदांचं काम. ऑटोमेट करायचा मोह झाला होता, बॉट लिहायला अर्धी रात्र पुरली असती. केला नाही. तिच्याकडे सकाळी आवाज जातो तो माणसाचा जावा असं मला वाटलं.

दुसरी मुलगी तेवीसची. तिची गोष्ट वेगळी. काबूलमध्ये बारावी झाली, विद्यापीठात प्रवेश मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं, पुढच्याच महिन्यात मोठ्या मुलींच्या शाळा बंद राहिल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही मुलींना बंद झाली. तिला फोटो-व्हॉइस नोट नको असतात. तिला निबंध हवे असतात, टायमर लावून. ती माझ्याकडून चुका काढून घेते आणि माझ्याच दोन काढते. अशा मुलीला "व्हेअर इज द बाथरूम" शिकवणं हा अपमान आहे. शिकवायला बसण्याआधी समोरची कुठवर शिकलीय ते विचारा. निर्वासित म्हणजे निरक्षर असं आपल्या डोक्यात उगाच बसलेलं असतं.

काय विचारायचं नाही

घर कसं सोडलं, वाटेत काय झालं, कोण मागे राहिलं. हे कधीच विचारायचं नाही. त्यांनी ती गोष्ट कार्यालयांमध्ये, फॉर्मवर, अनोळखी माणसांसमोर बऱ्याचदा सांगितलेली असते. आपल्या तासाला तरी त्यांना फक्त विद्यार्थिनी राहू दे. पाठ्यपुस्तकातला "माय फॅमिली" हा निरागस धडासुद्धा जपून घ्या. "हाऊ मेनी ब्रदर्स डू यू हॅव" या प्रश्नाचं उत्तर कधीकधी फार जड असतं. मी त्याऐवजी घरातल्या वस्तू, जेवण, रस्ता यांवर राहते. तिने स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, आणि त्या वेळी इंग्रजी दुरुस्त करायची नाही. एवढं तरी कळायलाच हवं.

स्क्रीनशॉट काढायचे नाहीत. स्टेटसला तर मुळीच नाही. तुमचा हेतू चांगला असेल, पण तिचे नातेवाईक अजून तिकडे आहेत आणि तो फोटो कुठे फिरेल ते तुमच्या हातात नाही. नाव, गल्ली, मुलांची शाळा हे कुठेही लिहायचं नाही. माझ्या शीटमध्येसुद्धा फक्त "क" आणि "म" आहे.

पैसे आणि व्हिसा या दोन गोष्टींवर पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. मी एवढंच म्हणते: "मला इंग्रजी येतं, कायदा येत नाही." परदेशी जायला मिळेल असं कोणी सांगत असेल तर त्याची खात्री यूएनएचसीआरकडे किंवा त्यांच्या सहयोगी संस्थेकडेच करायची. दलाल फार आहेत, आणि इंग्रजीत लिहिलेला कुठलाही कागद खरा वाटतो. आम्ही एक अख्खा तास खोटा मेसेज कसा ओळखायचा यावर घेतला. पैसे मागणारी लिंक, घाई करणारी भाषा, शुद्धलेखनाच्या चुका. तो तास दोघींना सगळ्यात आवडला.

सुरू कसं करायचं

स्वतःहून कुणाचा नंबर शोधून फोन करू नका. निर्वासितांसोबत काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच जा. चांगली संस्था तुमचं ओळखपत्र मागेल, बोलून बघेल, काही नियमांवर सही घेईल. मागत नसेल तर जरा शंका घ्या. तुम्हीही विचारा: विद्यार्थिनीला कोणती भाषा येते, घरात फोन कितींमध्ये एक आहे, कुठल्या वेळी तो तिच्या हातात असतो, अडचण आली तर मी कोणाला कळवू. मुलांनो, तुम्हाला बहुतेक बायकांऐवजी पुरुष किंवा मुलं शिकवायला देतील. त्यात राग मानू नका, बाईला मोकळं बोलता यावं म्हणून ते असतं.

वेळ किती? आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं, किमान सहा महिने. महिनाभराच्या उत्साहासाठी हे काम घेऊ नका. त्यांच्या आयुष्यातून बरीच माणसं अचानक गायब झालेली आहेत, त्यात आपली भर नको. तास रद्द होतील. डेटा संपेल, मूल आजारी पडेल, नवऱ्याला फोन लागेल. दहा तास ठरले तर सहा-सात होतात असं धरून चाला. त्या दिवशी व्हॉइस नोट टाका आणि आपलं काम करा.

दिल्ली लांब वाटत असेल तर नोर्ग्येलिंग आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. आणि तेही नको असेल, तर वर्ध्यातच हिंदी विश्वविद्यालयात परदेशातून हिंदी शिकायला येणारे विद्यार्थी असतात. ते निर्वासित नाहीत. पण हळू बोलायचं, समोरच्याला शब्द शोधायला वेळ द्यायचा, आपण वाक्य पूर्ण करून टाकायचं नाही, याचा सराव त्यांच्याशी चहा पिता पिता होतो. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड गेली. माणूस अडला की आपण विदर्भातले लोक लगेच मदतीला धावतो, शब्दासकट.

पुढच्या भागात बारा आठवड्यांचा साधा आराखडा देणार आहे, तासागणिक, आणि त्यातला दवाखान्याचा संवाद मी आणि आई मिळून रेकॉर्ड करणार आहोत. आई डॉक्टर होणार म्हणाली आहे. तुमच्याकडे बंगाली, बर्मी किंवा तिबेटी बोलणाऱ्यांना शिकवल्याचा अनुभव असेल तर एक मिनिटाचा व्हॉइस नोट पाठवा, त्यात कोणाचं नाव घेऊ नका. निवडक नोट आपण त्या भागात लावू.